जाम झालेला, तुटलेला स्टड : कोणतं हत्यार आधी, कोणतं अगदी शेवटी

मासेमारीबंदीचे दोन महिने म्हणजे आमच्या किनाऱ्यावर इंजिनं उघडण्याचे दिवस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. वर्षभर ‘आता नको, हंगाम संपू दे’ म्हणून ढकललेलं प्रत्येक काम या ६१ दिवसांत गॅरेजच्या दारात येऊन उभं राहतं. आणि दरवर्षी घोडं एकाच जागी अडतं. तांडेल (होडीचा प्रमुख) सांगतो, ‘मेस्त्री, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलंय, तेवढं फक्त बदला.’ मॅनिफोल्ड म्हणजे हेडला जोडलेला नळ्यांचा भाग; तो धरणारे बारा नट सोडायचे असतात. आठ सुटतात, तीन रडतरखडत येतात आणि बारावा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बिनडोक्याचा, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) तुटतो. अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात.

मोटारसायकलींचंही तेच. सायलेन्सर हेडला ज्या दोन स्टडवर धरलेला असतो, त्यांच्यावर पावसाचं पाणी, चिखल आणि खारी हवा बसते आणि वर रोजची गरम-थंड चालू असते. दोन-तीन पावसाळे झाले की नट आणि स्टड वेगळे ओळखू येत नाहीत.

माझं ठाम मत असं, की हेडमध्ये तुटलेले बहुतेक स्टड काढणाऱ्याच्या हातून तुटलेले असतात. गंज त्यांना धरून ठेवतो एवढंच; तुकडे होतात ते चुकीचं हत्यार आधी उचलल्यामुळे. म्हणून मी ज्या क्रमाने हत्यारं उचलतो, त्याच क्रमाने हे लिहितोय.

कशाने धरलंय ते आधी बघा

बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) हेडमध्ये लोखंडी स्टड असेल तर तांबडा गंज दिसतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत त्याला फुगायला जागाच नसते, त्यामुळे तो पाचरीसारखा काम करतो. इथे भेदक तेल उपयोगी पडतं, कारण गंज सच्छिद्र असतो आणि तेल त्यात मुरतं.

ॲल्युमिनियममध्ये लोखंडी किंवा स्टेनलेसचा स्टड असेल तर गोष्ट वेगळी. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की बॅटरीसारखाच प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. बोल्ट बाहेरून चकचकीत दिसतो, म्हणून माणूस फसतो. आऊटबोर्ड मशीनच्या (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) पायाचे बोल्ट असेच असतात. ही पांढरी भुकटी कुठल्याही तेलाने विरघळत नाही. तिथे डब्ल्यूडी-४० चा अख्खा डबा ओतण्यापेक्षा उष्णता द्यावी.

तिसरा प्रकार लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून बसवलेल्या स्टडचा. कायमचं पकडणारं लॉकटाइट असेल तर साधारण २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय ते सोडत नाही. आट्यांत लाल किंवा हिरवट काचेसारखा थर दिसला तर जोर लावायच्या आधीच तापवा.

आणि चाकाचे नट सोडत असाल तर आट्यांची दिशा बघून घ्या. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने सोडायला जाणारा माणूस खरं तर नट आवळत असतो आणि चांगला स्टड तोडून बसतो.

पाना लावण्याआधी

तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे पूर्ण स्वच्छ करा. नटाला तेच गंजलेले आटे ओलांडून बाहेर यायचं असतं. तिथे अडकला तर सगळा पीळ स्टडवर येतो. मग तेल. आमच्याकडे निम्मं एसीटोन आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल हे मिश्रण चालतं. बाटली वापरताना दर वेळी हलवावी लागते, कारण दोन्ही वेगळे होतात. डिझेलही चालतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी तेल सोडून सकाळी हात लावणं हे सगळ्यांत स्वस्त हत्यार आहे, आणि तेच कुणाला वापरायचं नसतं.

तेल सोडल्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) स्टडच्या टोकावर ठेवून हातोडीचे सरळ, छोटे ठोके द्या. जोराचा एक घाव नको, वीस-पंचवीस हलके ठोके हवेत. गंजाचा थर ठिसूळ असतो. ठोक्यांनी त्याला तडे जातात आणि तेल आत उतरतं.

नटासाठी सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो, आणि एकदा नट गोल झाला की पुढचं सगळं कठीण होतं. नट गोल झालाच, तर त्याला वाचवत बसू नका. नट स्प्लिटरने फोडा, नाहीतर ग्राइंडरने एका बाजूला आट्यांपर्यंत काप घेऊन छिन्नीने उघडा. वाचवायचाय तो स्टड, आणि स्टडच्याही आधी हेडमधले आटे.

पान्याला पाइप लावू नका, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. लांब पाइप लावला की हाताला काहीच कळत नाही. त्यापेक्षा इम्पॅक्ट गन सगळ्यांत कमी ताकदीवर ठेवून थोडं सुलट, थोडं उलट असं हलवा. छोटे धक्के गंज मोडतात. एकसलग ताण स्टड मोडतो.

हाताला काय कळलं पाहिजे

या एका गोष्टीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण हत्यार कधी बदलायचं हे इथेच ठरतं.

स्टड ‘करकर’ करत जरासा सरकला तर चांगलं लक्षण. तिथून पुढे घाई करायची नाही. पाव फेरा सोडा, तेल टाका, अर्धा परत आवळा, पुन्हा सोडा. आट्यांतला चुरा मागेपुढे होऊन बाहेर पडू द्या.

पण पाना वळला, आवाज काहीच आला नाही आणि जोर काढल्यावर पाना आपोआप मागे आला, तर स्टड जागचा हललेला नाही, नुसता पिळला जातोय. इथेच थांबा. तरीही जोर लावलात तर एका क्षणी पाना अचानक मऊ चालायला लागतो. नवख्याला वाटतं, सुटला. तो सुटत नसतो, तुटत असतो. त्या मऊपणानंतर जेमतेम पाव-अर्धा फेरा, आणि तुकडा हातात.

पीळ परत येतोय असं कळलं की पाना खाली ठेवायचा आणि गॅस पेटवायचा.

उष्णता

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एका मीटरला, एका अंशाला ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आणि लोखंड साधारण १२. म्हणून ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तापवायचा नाही, त्याच्याभोवतीचं हेड तापवायचं. ८ मिमीच्या स्टडला १०० अंश तापमानवाढीत जेमतेम ९ मायक्रॉन ढिलाई मिळते. ऐकायला काहीच नाही, पण पांढऱ्या भुकटीची पकड सुटायला तेवढी पुरते. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उडाला, की थोडं आणखी तापवून पाना लावा. दीडशे अंशांच्या आसपास काम होतं. ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून ज्योत धरून ठेवू नका. ६६० अंशांच्या आसपास शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं, आणि हेडचा मिश्रधातू त्याच्या आधीच. हीट गन असेल तर ती जास्त सुरक्षित.

बिडाच्या हेडमध्ये उलटं. बीड आणि लोखंड जवळजवळ सारखेच फुगतात, त्यामुळे दोघांना एकत्र तापवून फायदा थोडा. तिथे फक्त स्टड लाल करायचा. भोवतालचं थंड बीड त्याला फुगू देत नाही, मग तो स्वतःतच दबतो, आणि थंड झाल्यावर मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो. आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या बिडावर पाणी ओतलंत तर तडा जाईल, आणि तो स्टडपेक्षा फार महाग पडतो. हाताला सोसेल-न सोसेल इतका कोमट झाला की मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं.

होडीत हे काम करणाऱ्यांना कळकळीने सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, होडीच्या तळाला साचतो आणि तिथे बिल्जमध्ये डिझेल असतंच. सिलिंडर होडीबाहेर ठेवा, तळ कोरडा करून घ्या, तेल फवारलेली जागा पुसून मगच ज्योत लावा, आणि आग विझवायचं नळकांडं हाताच्या अंतरावर ठेवा. एसीटोनचं मिश्रण आणि ज्योत एका तासात एकाच जागी नको.

बाहेर आलेला स्टड कशाने धरायचा

आटे शाबूत असतील तर दोन नट. एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि काढताना पाना आतल्या, म्हणजे हेडकडच्या नटाला लावायचा. बाहेरच्याला लावला तर दोघे सुटे होतात. नवीन स्टड बसवताना याच्या उलट, बाहेरचा नट फिरवायचा. थोड्या जाम स्टडला एवढं पुरतं.

त्याहून घट्ट असेल तर स्टड एक्स्ट्रॅक्टर. यात फरक आहे, तो विकत घेण्याआधी समजून घ्या. एका बाजूने दातेरी चाक दाबणारा स्वस्त प्रकार असतो. तो स्टडला एका अंगाला ढकलतो. १० मिमीच्या वर ठीक आहे, पण ६ मिमीच्या स्टडला वाकवून तोडतो. आत तीन रोलर किंवा कॉलेट असलेला प्रकार सगळीकडून सारखं धरतो. महाग आहे, पण ज्याच्याकडे महिन्याला चार-पाच अशी कामं येतात त्याने तोच घ्यावा. एक्स्ट्रॅक्टर शक्य तितका हेडजवळ खाली बसवा. वर टोकाला धरला तर मधली सगळी लांबी पिळली जाते.

व्हाइस ग्रिप आणि पाइप पाना हे बहुतेकांचं पहिलं हत्यार असतं. माझ्याकडे ते या टप्प्याचं शेवटचं. पकड घसरली की आटे सपाट होतात, मग दोन नटांचा रस्ताही बंद.

तुटलाच तर : आधी वेल्डिंग

तुटलेल्या स्टडला मी सर्वांत आधी नट वेल्ड करतो. एकाच कामात पकडही मिळते आणि आतून उष्णताही.

स्टड पृष्ठभागाच्या थोडा वर असेल तर आधी एक वॉशर, मग त्यावर नट ठेवा. ८ मिमीच्या स्टडला मी १० मिमीचा नट घेतो, म्हणजे आत वेल्ड नीट उतरतं. नटावर जस्ताचा मुलामा असेल तर तो कानशीने घासून टाका. त्याचा धूर छातीला वाईट आणि वेल्डही सच्छिद्र होतं. सीओटू वेल्डिंग असेल तर उत्तम, नसेल तर बारीक रॉड. नटाच्या भोकातून स्टडच्या मध्यावर वेल्डिंगचा आर्क धरायचा आणि तिथून बाहेर भरत यायचं. लाली गेली की मेणबत्ती, आणि मग कोमट असतानाच पाना लावून जरा पुढे, जरा मागे. वेल्ड सुटलं तर पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या खेपेला आलेले स्टड मी पुष्कळ पाहिले आहेत, कारण प्रत्येक खेपेला तो आतून एकदा तापतो आणि निवतो.

ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड दोन-तीन मिमी आत तुटला असेल तरी हे जमतं. लोखंडाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे ठिपक्यावर ठिपका देत तुकडा पृष्ठभागापर्यंत वर आणता येतो. बिडात ही सोय नाही. तिथे वेल्ड भोकाच्या कडेला धरतं, म्हणून वॉशर हवाच आणि खोल तुटलेल्यासाठी हा रस्ता धरू नये.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) असेल तर त्याचा कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा त्याच हेडला, स्टडच्या जवळ लावा. लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि तिथे खड्डे पाडतो.

इझीआऊट का नको

हार्डवेअरच्या दुकानात तुटलेला स्टड सांगितला की इझीआऊटचा सेट पुढे येतो, म्हणजे स्टडमध्ये भोक पाडून आत घालायचे उलट्या पिळाचे निमुळते दांडे. विचार करा. ८ मिमीचा अख्खा स्टड ज्या पिळाने तुटला, तोच पीळ आता त्याच्या पोटात बसवलेल्या ४ मिमीच्या इझीआऊटने सोसायचा आहे. शिवाय तो निमुळता असल्यामुळे आत जाताना स्टडला बाहेर फुगवतो, म्हणजे आणखी घट्ट करतो. आणि तो कडक असतो, त्यामुळे वाकत नाही, सरळ मोडतो. मोडलेल्या इझीआऊटवर साधा एचएसएस ड्रिल चालत नाही.

काही वर्षांपूर्वी सहा सिलिंडरच्या इंजिनावर माझ्या हातून असंच झालं. पाच मिनिटांची घाई केली. पूर्ण हेड उतरवावं लागलं, टूल रूममध्ये स्पार्क मशीनवर तो तुकडा जाळून काढावा लागला, आणि होडी आठ दिवस जागेवर बसली. तांडेलाने तोंडाने काही म्हटलं नाही. पण बंदी उठल्यावरचे पहिले दिवस त्याच्यासाठी किती मोलाचे असतात हे मला माहीत होतं.

इझीआऊटला एकच योग्य जागा आहे. स्टड जाम नसताना तुटला असेल, म्हणजे जास्त आवळल्यामुळे किंवा आपटल्यामुळे, तर आतला तुकडा मोकळाच असतो. मग इझीआऊट हलक्या हाताने तो घेऊन येतो.

ड्रिलने काढणं

वेल्डिंग जमत नसेल तर ड्रिल. इथे सगळं मध्यबिंदूवर अवलंबून आहे. तुटलेलं टोक खडबडीत असतं आणि शेजारचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल नेहमी मऊ बाजूला पळतो. हाताने नेम धरण्यापेक्षा लेथवाल्याकडून एक बुश (मधे भोक असलेली छोटी नळी) करून घ्या. बाहेरचा व्यास सायलेन्सरच्या फ्लँजमधल्या (हेडला आवळायच्या पट्टीतल्या) भोकाएवढा, आतला ३ मिमी. फ्लँज दुसऱ्या चांगल्या स्टडवर आवळा, बुश भोकात घाला, आणि ड्रिल आपोआप मध्यावर येतो. मॅनिफोल्डलाही हीच युक्ती. भोक स्टडपेक्षा मोठं असतं, म्हणून आधी फ्लँज नीट मध्यावर बसवून घ्या.

डाव्या पिळाचे ड्रिल मिळाले तर तेच वापरा. मशीन उलट फिरवायचं. बऱ्याचदा दुसऱ्या मापाच्या ड्रिललाच स्टड धरला जातो आणि फिरत बाहेर येतो. मला तो क्षण अजूनही फार आवडतो. स्टेनलेस असेल तर वेग कमी, दाब जास्त, तेल भरपूर. ड्रिल नुसता घासत राहिला तर स्टेनलेस तिथेच कडक होतं आणि मग काही कापत नाही.

नाहीच आला, तर ३, मग ५, मग ६.५ मिमी असं वाढवत जा. ८ मिमीच्या स्टडची आता पातळ साल उरते. टोकदार छिन्नीने तिची एक कड आत वळवून ती स्प्रिंगसारखी ओढून काढा. मग टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. ८ मिमीच्या आट्यांना (पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.२५) भोक ६.८ मिमी; ६ मिमीला (पिच १) ५ मिमी; १० मिमीला (पिच १.५) ८.५ मिमी. पहिला टॅप आधी, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे. टॅप जड चालला तर काढून भुसा साफ करा. मोडलेला टॅप हा मोडलेल्या इझीआऊटचाच भाऊ आहे.

भोक वाकडं गेलं किंवा आटे खाल्ले गेले तर हेलिकॉइल (स्प्रिंगसारखी तयार आट्यांची गुंडाळी) घाला. ८ मिमीच्या हेलिकॉइलला ८.३ मिमीचं भोक आणि त्याचा स्वतःचा टॅप लागतो. ही तडजोड समजू नका. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा हे स्टेनलेसचे आटे जास्त टिकतात.

पितळेच्या छोट्या भागात बारीक लोखंडी स्क्रू तुटला असेल तर घड्याळजींची जुनी रीत वापरा. तुरटीच्या गरम, दाट पाण्यात तो भाग तासन्‌तास ठेवला की लोखंड हळूहळू विरघळतं आणि पितळ तसंच राहतं. बाकीचे लोखंडी भाग आधी काढून ठेवा. कार्ब्युरेटरची बॉडी मात्र त्यात टाकू नका, ती बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची असते. आणि स्टेनलेसवर तुरटीचा उपयोग नाही.

नवीन स्टड बसवताना

भोकात हवा मारा, डोळ्यांना चष्मा लावूनच. तळाशी तेल साचलेलं राहिलं तर स्टड आवळताना ते दाबलं जाऊन हेडला तडा जाऊ शकतो. स्टडची दोन टोकं नीट बघा. बऱ्याच स्टडला हेडकडे जाड आटे आणि नटाकडे बारीक असतात.

बिडात तांब्याचं अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस चालतं. खाऱ्या पाण्याजवळच्या ॲल्युमिनियममध्ये तांबं नको, तिथे धातूची पूड नसलेलं मरीन ग्रेडचं घ्या. ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होतं, म्हणून नेहमीपेक्षा थोडा कमी टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या. स्टड हेडमध्ये हाताने पूर्ण बसवून किंचित आवळला की झालं, ताकद नटावर लावायची.

इंजिन एकदा चांगलं तापवून पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. आणि पुढच्या मे महिन्यात, बंदी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक नट एकदा पाव फेरा सोडून परत आवळून ठेवा. मी माझ्या ठरलेल्या होड्यांना हे फुकट करून देतो.